यावे, यावा, यावेसे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय व्याकरणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. व्याकरण म्हटले की शाळेतली छडी आठवते आणि हात आपोआप रेडिओच्या बटनाकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा. 'आवरावा' हा शब्द मी आत्ता वापरला, त्याच्याविषयीच मला बोलायचे आहे. मी आपल्याला हुकूम केला का? माझी तेवढी पात्रता नाही. विनंती केली का? बहुधा. की नुसती मनातली इच्छा बोलून दाखवली? तसेही असेल. एका शब्दात तीन गोष्टी मावल्या, आणि तरीही मला काय म्हणायचे आहे ते आपल्याला कळले. हे कसे कळते, एवढाच आजचा प्रश्न.

हे 'वे' आपल्या घरात सगळीकडे पसरलेले आहे. लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असते आणि त्याच्याच खाली 'आहेर आणू नये' असते. पहिले आपण मनावर घेतो, दुसरे घेत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर 'जेवणानंतर घ्यावे' असते. पाककृतीत 'कांदा बारीक चिरावा, तांबूस होईपर्यंत परतावा' असते. जुन्या पत्रांच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असे. कोर्टाच्या कागदावर 'हजर राहावे' असते आणि तिथे लोभाचा काही संबंध नसतो. म्हण सांगते, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे'. त्यातले पहिले सल्ल्यासारखे वाटते, दुसरे परवानगीसारखे. 'आंबा खावा तर हापूसच' यात ना हुकूम ना विनंती, निव्वळ कौतुक आहे. आणि 'त्याने असे बोलावे?' असे कोणी विचारले, तर त्यात दुखावलेपण असते. शाळेच्या पुस्तकात या साऱ्याला 'विध्यर्थ' असे नाव आहे. नाव एक, पण त्याखाली कर्तव्य, इच्छा, विनंती, योग्यता, शक्यता, तर्क अशी सगळी मंडळी एकत्र नांदतात.

या गोष्टीकडे माझे लक्ष नव्याने वेधले ते एका परक्या भाषेमुळे. माझी भाची मुंबईत स्पॅनिश शिकते. एकदा तिने फोन केला, "मामू, या भाषेत 'बेंगा' असा एक शब्द आहे. त्याचा नेमका अर्थ काय, तेच कळत नाही." मी म्हटले, "मला स्पॅनिश येत नाही, पण वाक्ये सांग." तिने सांगितली. एखाद्याला अदबीने 'आपण या' म्हणायचे, तर 'बेंगा'. 'तो आला तर किती बरे' म्हणायचे, तरी 'बेंगा'. 'कदाचित येईलही' म्हणायचे, तरी 'बेंगा'. 'तो येईल असे मला वाटत नाही' यातही 'बेंगा'च. आणि रस्त्यात मित्राला 'चल, आटप' म्हणून घाई करायची, तर तिथेही नुसते 'बेंगा!' मी हसलो. म्हटले, "बाळ, हे तर आपले 'यावे' आहे. तू लहानपणापासून हेच बोलत आली आहेस." दोन्ही भाषांची रूपे तंतोतंत एक नाहीत, हे खरे. पण जी गोष्ट अजून घडलेली नाही, जी नुसती हवी आहे, सांगितली आहे किंवा अंदाजात आहे, तिच्यासाठी दोन्ही भाषांनी एकच दार ठेवले आहे.

त्या भाषेतला आणखी एक शब्द तिने सांगितला, तो मला फार आवडला. 'तो यावा' अशी इच्छा व्यक्त करायची तर स्पेनमधली माणसे वाक्याच्या आरंभी 'ओखाला' म्हणतात आणि मग 'बेंगा'. हा 'ओखाला' मूळचा अरबी. 'अल्लाची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या अरबी बोलातून तो आला. सन 711 मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि 1492 मध्ये ग्रॅनाडाचे शेवटचे मुस्लिम राज्य गेले. राज्य गेले, शब्द राहिला. आज तिथला माणूस उद्या ऊन पडावे म्हणून 'ओखाला' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात अरबी भाषा नसते. आमच्या घरी उद्याची कोणतीही गोष्ट बोलताना 'इन्शाअल्ला' म्हणतात. हा त्याचाच दूरचा नातेवाईक म्हणायचा.

पण दूर कशाला जायचे? आपल्याच कोर्टाच्या नोटिशीतले वाक्य घ्या. 'अर्जदाराने तारखेस हजर राहावे.' यातले अर्ज, तारीख आणि हजर हे तिन्ही शब्द मूळचे अरबी, 'दार' फारसी, आणि 'राहावे'मधला 'वे' थेट संस्कृताच्या घरातला. संस्कृतात 'तव्य' असा प्रत्यय आहे. कर्तव्य म्हणजे करण्याजोगे, करायलाच हवे असे. हा 'तव्य' प्राकृतातून झिजत झिजत मराठीत 'व' होऊन राहिला. म्हणजे 'करावे' आणि 'कर्तव्य' ही एकाच घरातली भावंडे. एक मुंज होऊन पाठशाळेत गेले, दुसरे बाजारात फिरले. अरबी नामे आणि संस्कृत कुळातले क्रियापद एका ओळीत बसतात आणि राजापूरच्या कोर्टात कुणाला त्याचे नवल वाटत नाही. मी मुसलमान असून मराठीत कविता कशी लिहितो, असे मला कुणी विचारले तर मी हेच वाक्य दाखवतो.

मूळ अर्थ कर्तव्याचा असेल, तर मग त्यात इच्छा कुठून आली, तर्क कुठून आला? जे व्हायला हवे ते व्हावेसे वाटते, आणि जे व्हायला हवे होते ते झालेही असेल असे मन धरून चालते. माणसाच्या मनात या तिन्ही गोष्टी एकमेकींना लागून असतात, म्हणून भाषेतही त्या लागून राहिल्या. प्रत्येक भाषा तसे करते असे नाही. हिंदी-उर्दूत तिघींची घरे वेगळी आहेत. 'उसे आना चाहिए' हे कर्तव्य, 'वह आए' ही इच्छा, 'वह आया होगा' हा तर्क. माझी एक कविता उर्दूत करायची वेळ आली तेव्हा शेवटच्या ओळीतल्या 'यावा'पाशी मला थांबावे लागले. मराठीत तो शब्द दोन्हीकडे पाहत उभा होता, उर्दूत त्याला एक बाजू धरावी लागली.

आपल्या व्याकरणकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले मालगुंड हे कवी केशवसुतांचे गाव. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका घरात एक भाऊ कवी आणि एक व्याकरणकार, ही गोष्ट मला नेहमी सुखावते. मराठी व्याकरणात क्रियापदांच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी नावे आढळतात. ती रूपाच्या अक्षरावरून ठेवलेली आहेत, अर्थावरून नाहीत. त्यात शहाणपण आहे. एका रूपाचे अर्थ सहा असतील, तर एका अर्थाचे नाव देऊन बाकीच्या पाचांवर अन्याय कशाला करायचा?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अर्थ ओळखायचा कसा? मला दोन खुणा सापडल्या आहेत.

पहिली खूण 'ने'ची. राजापूरजवळ उन्हाळे गावी आमची गंगा आहे. तिथे चौदा कुंडे आहेत. एरवी ती कोरडी असतात आणि एक दिवस अचानक पाण्याने भरतात. तीन वर्षांनी येते असे जुनी माणसे म्हणत, पण तिने वेळापत्रक कधी पाळले नाही, आणि अलीकडे तर मुळीच पाळत नाही. गावातली माणसे म्हणतात, 'यंदा गंगा यावी.' 'यंदा गंगेने यावे' असे कोणी म्हणत नाही. कारण गंगेवर आपला हक्क नाही. 'ने' लावला की त्या माणसावर काम पडते, जबाबदारी पडते. 'ने' काढला की आपण वर आकाशाकडे पाहत असतो. 'पाऊस पडावा' ही प्रार्थना आहे. 'पावसाने आता पडावे' म्हणणारा माणूस पावसावर रागावलेला असतो.

हीच खूण घरात लावून पाहा. 'मुलगा पास व्हावा' असे आई म्हणते. 'मुलाने पास व्हावे' असे वडील म्हणतात. दोघांचे प्रेम सारखेच असेल, पण पहिल्या वाक्यात मुलगा मोकळा आहे आणि दुसऱ्यात त्याच्या खांद्यावर ओझे आहे. मुले व्याकरण शिकण्याआधी हा फरक ऐकायला शिकतात. लग्न ठरवताना घरात सगळे म्हणत असतात, 'सून चांगली मिळावी.' लग्न झाल्यावर महिन्याभरात भाषा बदलते, 'सुनेने लवकर उठावे, सुनेने मोठ्यांचे ऐकावे.' रूप तेच, फक्त 'ने' आला. आणि तो 'ने' एकदा आला की सहसा परत जात नाही.

प्रार्थनेतही 'ने' येतो, पण तो ज्याच्याकडे मागायचे त्याला लागतो. 'देवाने बुद्धी द्यावी', 'अल्लाने बरकत द्यावी.' म्हणजे तिथेही नियम मोडत नाही. देण्याचे काम आपण देवावर टाकलेले असते, एवढेच. ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिच्या शेवटच्या पसायदानात ज्ञानदेवांनी देवाकडे मागताना हेच 'वे'चे रूप वापरले आहे. मात्र जगाचे भले चिंतताना ते 'ओ'कारान्त रूपाकडे वळतात. 'भले होवो', 'शांती लाभो' असे आपण आजही म्हणतो, तेच ते रूप. त्यात हुकमाचा अंशही नाही. आशीर्वाद देण्याजोगे असे रूप आपल्या भाषेत आहे, आणि आपण ते बहुधा श्रद्धांजलीच्या जाहिरातीतच वापरतो.

दुसरी खूण नकाराची. वाक्य उलटे करून पाहायचे. 'त्याने जावे' उलटले की 'त्याने जाऊ नये' होते. 'तो गेला असावा' उलटले की 'तो गेला नसावा' होते. 'नये' आले तर हुकूम, सल्ला किंवा इच्छा, आणि 'गेला', 'आला' अशा शब्दामागे 'नसावा' आले तर तर्क. पावसाळ्यात याच रेडिओवर आपण ऐकतो, 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' इकडे घरातली बाई मनात म्हणते, 'होडी बुडू नये.' दोन्ही ठिकाणी 'नये' आहे. पण पहिल्या वाक्यात 'नी' आहे, म्हणजे मच्छीमारांवर जबाबदारी आहे. दुसऱ्यात होडीला काही चिकटलेले नाही. होडी कुणाचे ऐकत नाही, हे त्या बाईला माहीत असते.

तर्काच्या 'असावा'विषयी थोडे अधिक सांगायला हवे. आमच्या गावात अर्जुना आणि कोदवली या नद्या वाढल्या की पाणी जवाहर चौकात येते. वरच्या आळीतला माणूस पावसाचा जोर पाहून म्हणतो, 'पाणी चौकात आले असावे.' त्याने पाणी पाहिलेले नाही. त्याने पाऊस पाहिला आहे आणि मागचे पूर पाहिले आहेत. 'असावे' म्हणजे, मी पाहिले नाही, पण माझ्याकडे कारण आहे. हा फार प्रामाणिक शब्द आहे. बोलणारा आपल्या माहितीची हद्द स्वतःच आखून देतो.

दुर्दैवाने ऐकणारा ती हद्द पाळतोच असे नाही. कुठे काही विपरीत घडले की सकाळी कोणी म्हणतो, 'अमक्यांचे काम असावे.' दुपारपर्यंत मोबाइलवर ते 'अमक्यांचे काम आहे' असे होते आणि संध्याकाळी 'अमके असेच असतात' असे होते. मधल्या वेळात पुरावा काही आलेला नसतो, फक्त एक 'वे' गळून पडलेला असतो. ज्यांचे नाव घेतले गेले त्यांच्यात आपण किंवा आपला शेजारी असेल, तरच त्या एका अक्षराची किंमत कळते. पूर्वी अफवा पायी चालत येई, तिला गावात पोचायला वेळ लागे. आता तो वेळ मिळत नाही. म्हणून कोणी 'असावे' म्हटले, तर पुढे सांगताना आपणही 'असावे' असेच सांगायचे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आता या दोन्ही खुणा जिथे अपुऱ्या पडतात, ती जागा पाहू. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही. म्हणजे जिथे दोन माणसे समोरासमोर बोलतात, नेमकी तिथेच पहिली खूण लपते. टोकाशी एका मात्रेचा फरक उरतो. 'तू यावेस' म्हणजे येणे हे तुझे काम आहे. 'तू यावास' म्हणजे तुझे येणे हे माझे मागणे आहे. पण बोलण्यात हा फरक आता फारसा कोणी सांभाळत नाही.

मी शाळेत असताना, 1980 नंतरच्या काळात, आमच्या मोहल्ल्यातली बरीच माणसे आखातात कामाला होती. फोन सहज लागत नसे. पत्र लिहून घ्यायला शेजारच्या बायका मला बोलावीत. एका चाचीचा मुलगा कुवेतला होता. ती घरच्या कोकणी बोलीत सांगायची आणि मी शाळेतल्या मराठीत उतरवायचो. एकदा ईदच्या आधी तिला त्याला बोलवायचे होते, पण सुट्टी मिळाली नाही तर त्याने नोकरी टाकून येऊ नये, अशीही धास्ती होती. मी विचारले, "चाची, 'तू यावेस' असे लिहू?" तिने मला वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाली, हे सरकारी कागदासारखे वाटते, तो घाबरेल. मग तिने बराच विचार करून जे सांगितले ते मी असे लिहिले, 'तुला यावेसे वाटेल आणि येता येईल, तेव्हा तू यावास.' चाचीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण मुलावर किती ओझे टाकायचे आणि किती नाही, ते तिला बरोबर कळत होते.

त्या पत्रातला 'यावेसे' हाही याच घरातला. 'वे'पुढे काय येते त्यावर सगळे ठरते. 'लागते' आले की सक्ती होते, 'वाटते' आले की ओढ होते. 'जावे लागले' आणि 'जावेसे वाटले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की निम्मे कोकण त्यात येते. इथून मुंबईला, आखातात, जहाजावर जी माणसे गेली, त्यांतल्या बहुतेकांना जावे लागले. गणपतीला, ईदला, आंब्याच्या दिवसांत त्यांना यावेसे वाटते. काही वर्षांनी आई-वडील राहत नाहीत, घराला कुलूप लागते, जमिनीच्या कागदपत्रांसाठी वर्षातून एकदा खेप होते. तेव्हा 'यावेसे वाटते' हळूहळू 'यावे लागते' कडे सरकते. माणूस तोच, रस्ता तोच, गावही तेच. मागचे क्रियापद तेवढे बदललेले असते.

कवितेत हे रूप मला उपयोगी पडते ते याच कारणाने. कवितेत 'पाऊस यावा' असे लिहिले, तर वाचणारा आपल्या गरजेप्रमाणे त्यात काय ते ओततो. पण कवितेत जे चालते ते घरात चालेलच असे नाही. घरातली पुष्कळ भांडणे अशी असतात, की एकाने इच्छा बोलून दाखवलेली असते आणि दुसऱ्याने तिचा हुकूम ऐकलेला असतो. 'कधीतरी बाहेर जेवायला जावे' असे कोणी नुसते म्हणते आणि समोरचा पाकीट चाचपू लागतो. उलटही होते. हुकूम करायचा असतो, पण तो इच्छेच्या कपड्यात घालून पुढे ठेवला जातो, आणि मग 'मी कुठे सांगितले होते?' असे म्हणायची सोय राहते. वरिष्ठांचे 'जमल्यास आज करावे' हे त्याच जातीचे. त्यातले 'जमल्यास' कोणी खरे मानत नाही.

एकच रूप एवढे अर्थ वाहते, हा भाषेचा दोष आहे असे मला वाटत नाही. अर्थ वेगळे काढून द्यायचे काम तिने आपल्यावर सोपवले आहे. ते काम कानाचे आहे. भाचीला मी शेवटी एवढेच सांगितले, की 'बेंगा'चा अर्थ 'बेंगा'त शोधत बसू नकोस. आधी काय आले, नंतर काय आले, कोण कुणाशी बोलते आहे, ते पाहा. घरात मराठी ऐकताना तू जे करतेस, तेच तिथेही कर.

तेव्हा आज घरी कोणी 'वे' लावून काही बोलले, तर उत्तर देण्याआधी क्षणभर थांबावे. 'ने' कुणाला लावला आहे, की कुणालाच लावलेला नाही, ते ऐकावे. हे मी सांगतो आहे, सुचवतो आहे की नुसते इच्छितो आहे, ते ठरवायला आपण मोकळे आहात.